दाबामास्तरांचे ब्रेक

दाबामास्तरांना हे नाव पडलं ते त्यांच्या उजव्या पायामुळे. मोटार चालवायला शिकवणं हा त्यांचा धंदा, आणि शिकवणीच्या गाडीत मास्तरांच्या बाजूलाही एक ब्रेक बसवलेला असतो. शिकणारा स्टिअरिंगला लोंबकळलेला आणि शेजारी मास्तर त्या ब्रेकवर पाय अधांतरी धरून "दाबा, दाबा, अहो दाबा" म्हणत बसलेले, हे दृश्य शहरातल्या प्रत्येक रस्त्याने पाहिलेलं आहे. बहुतेक वेळा शिकणाऱ्याने दाबायच्या आत मास्तरच दाबून मोकळे व्हायचे. त्यांच्याकडे शिकलेला एक दातांचा डॉक्टर होता. पुढे मास्तरांची दाढ काढायची वेळ आली तेव्हा त्याने दाढेच्या जागी कापसाचा बोळा ठेवला आणि खुर्चीमागे हात बांधून उभा राहून म्हणाला, "दाबा मास्तर, दाबा. अहो दाबा." मास्तरांना तोंड उघडता येत नव्हतं म्हणून तो वाचला.

मास्तरांचं एक तत्त्व होतं. ते गाडीच्या डॅशबोर्डवर पाण्याने काठोकाठ भरलेला पेला ठेवायचे आणि शिकणाऱ्याला सांगायचे, थांबव. पाणी सांडलं की पुन्हा पहिल्यापासून. एका वकिलाची पँट त्या पेल्याने इतक्या वेळा भिजली, की शेवटी कोर्टातला शिपाई त्यांना आडून आडून औषधाचं नाव सुचवायला लागला. पण मास्तर हटले नाहीत. ते म्हणायचे, गाडी पळवणं हे काही मोठं काम नाही, ती पळायलाच जन्माला आलेली असते. थांबवणं हे माणसाचं काम. आणि खरा ब्रेक कुठला? शेजारी बसलेल्याला कळत नाही तो.

आणि अशा या माणसाच्या गाडीत त्यांची सख्खी थोरली बहीण आयुष्यात एकदाही बसली नव्हती.

त्याचं असं झालं. मास्तर दहाएक वर्षांचे होते आणि ताई चांगली चौदा-पंधरा वर्षांची. शाळेच्या मागे एक मोठा उतार होता. मास्तरांनी पोस्टमनची सायकल, पोस्टमन जेवायला बसलेला बघून, न विचारता आणली आणि ताईला म्हणाले, बस मागे. ताई पहिल्यापासून सावध. तिने विचारलं, "ब्रेक आहे का रे?" मास्तर म्हणाले, "आहे." आता त्या सायकलीच्या ब्रेकची तार पोस्टमनने थैली बांधायला काढून घेतली होती, आणि हे या पठ्ठ्याला चांगलं माहीत होतं. उताराच्या तळाशी कोणाच्या तरी घराचं बांधकाम चाललं होतं. दोघं जी सुटली ती थेट विटांच्या ढिगावर. मास्तरांना खरचटलंसुद्धा नाही. ताईच्या पुढच्या दाताचा कोपरा मात्र तिथेच कुठेतरी विटांत राहिला.

ताईने तो दात पुढे कधी बसवून घेतला नाही. ती शिवणकाम करायला लागली, स्वतःचं दुकान टाकलं, आणि म्हणायची की दोरा तोडायला हा कोपरा कात्रीपेक्षा बरा. पण धाकट्या भावाच्या गाडीत बसायचं नाही, हे तिने त्या विटांवर बसून ठरवलं ते ठरवलंच. अनोळखी टॅक्सीवाल्याच्या गाडीत खुशाल बसायची. मास्तरांच्या लग्नाला ती बसने आली. मास्तरांनी शिकवलेल्या बाईच्या गाडीतून बाजाराला जायची, आणि परत आल्यावर मुद्दाम सांगायची, फार छान थांबवते हो. मास्तर नुसते धुमसायचे.

शिकवणीची शाळा एका कोपऱ्यावरच्या शेडमध्ये होती. मास्तर दमल्यावर त्यांनी ती जागा शेजारच्या टायरवाल्याला विकली. सगळ्यांनी सांगितलं, आता एक बरासा फ्लॅट घ्या, लिफ्ट असलेला. मास्तरांनी ऐकून घेतलं, मान हलवली, आणि त्यांच्याच एका जुन्या विद्यार्थ्याने विकायला काढलेली विजेवरची गाडी घेऊन आले. काळीभोर, आवाज न करणारी, आणि नुसता पायाचा अंगठा टेकला तरी माणसाची पाठ सीटला चिकटवणारी. मास्तरीणबाई गॅलरीतून बघत होत्या. खाली येऊन त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाल्या, "लोक म्हातारपणी काठी घेतात. तुम्ही तोफ घेतलीत."

मास्तरांनी त्याच दिवशी ताईला फोन लावला. ताई शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायची. तिनेही दुकान आवरायला काढलं होतं. गुडघे जिना चढू देईनात, म्हणून समुद्रापलीकडे असलेली मुलगी तिला आपल्याकडे कायमची नेणार होती. मास्तर म्हणाले, ताई, गाडी घेतली, विमानतळावर सोडायला मी येणार. पलीकडून तोच प्रश्न.

"ब्रेक आहे का रे?"

इथेच मास्तर फसले. नुसतं आहे म्हणाले असते तर ही गोष्टच झाली नसती. पण ब्रेकच्या बाबतीत ताईशी एकदा खोटं बोललेला माणूस दुसऱ्यांदा कसा बोलणार? त्यांनी जे होतं ते सांगितलं. आहेत ते ब्रेक चांगले आहेत, पण ही गाडी वजनाला भारी आणि पळायला वेडी, म्हणून कंपनी तिच्यासाठी वेगळे, आणखी चांगले ब्रेक बनवते. कार्बन सिरॅमिक. ते कितीही तापले तरी दगा देत नाहीत. मी ते मागवलेत.

"सिरॅमिक म्हणजे कपबशीचं असतं ते ना?" ताई म्हणाली.

"ते वेगळं गं."

"असू दे. ते आले की बसेन."

बसेन. इतक्या वर्षांत हा शब्द तिच्या तोंडून पहिल्यांदा निघाला होता. मास्तरांनी फोन ठेवला आणि बायकोला हाक मारून दोनदा सांगितलं. त्यानंतर जे वाट बघणं सुरू झालं, त्याने मास्तरांच्या डोक्यावर उरलेले केसही पांढरे केले.

सर्व्हिस सेंटर शहराबाहेर हमरस्त्याला लागून होतं. काचेचं, गारेगार, आत दवाखान्यासारखी शांतता. काउंटरवर बसलेली मुलगी फार गोड. तिने सांगितलं, काका, काही आठवड्यांत येतील. ते काही आठवडे गेले. मास्तरांनी फोन केला तर आधी वाद्यसंगीत, मग एक बाई सांगायची की तुमचा फोन आमच्यासाठी महत्त्वाचा आहे, मग पुन्हा वाद्यसंगीत. ते संगीत मास्तरांच्या इतकं अंगात मुरलं की दाढी करताना ते तेच गुणगुणायचे आणि मग स्वतःवरच चिडायचे. मोबाइलवर कंपनीचा निरोप यायचा, तुमच्या ऑर्डरमध्ये बदल झाला आहे. काय बदल, ते नाही. पहिल्यांदा मास्तर धावत चष्मा आणायला गेले. पुढे पुढे तो निरोप आला की ते मोबाइल पालथा घालून ठेवायला लागले.

एकदा कळलं की ब्रेक अजून भट्टीत आहेत. खरंच, ब्रेकच्या त्या चकत्या, म्हणजे डिस्क, भट्टीत भाजून काढतात आणि त्याला वेळ लागतो. मास्तरांनी घरी येऊन तसं सांगितलं. मास्तरीणबाई म्हणाल्या, "एवढ्यात विटा भाजून त्यांचं घर उभं राहिलं असतं आणि पाहुणे येऊन गेले असते." विटांचा उल्लेख मास्तरांना आवडला नाही.

त्याहून मोठा वैताग म्हणजे ज्याला त्याला हे ब्रेक अनावश्यक वाटत होते. सेंटरमधला फोरमन मास्तरांचाच विद्यार्थी, तोही पेल्यावरच शिकलेला. एकदा तो खासगीत म्हणाला, "काका, खरं सांगू का? या गाडीला ब्रेक फारसा लागतच नाही. ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला की ती आपली आपण हळू होते आणि थांबते. वीज उलटी बॅटरीत जाते. मी महिनोन् महिने ब्रेकला पाय लावत नाही."

मास्तरांनी त्याच्याकडे असं पाहिलं की जणू त्याने देव्हाऱ्यात चपला ठेवल्या. "आणि पाय उचलायचं सुचलं नाही तर?"

"सुचतंच की."

"तू माझ्याकडे शिकलास हे बाहेर कुठे सांगू नकोस," मास्तर म्हणाले आणि निघून आले.

मग एके दिवशी खोका आला. काउंटरवरच्या मुलीने स्वतः फोन केला. मास्तर इस्त्रीचा शर्ट घालून गेले. खोका उघडला आणि आतून निघाली रबरी पायपुसणी. गाडीत पायाखाली घालायची, चार. कोणीतरी मागणीचा आकडा टाइप करताना शेवटचा अंक चुकवला होता. मॅनेजर म्हणाला, "काका, ही तुम्ही आमच्यातर्फे भेट म्हणून घ्या." मास्तर म्हणाले, ही भेट तुमच्या साहेबाच्या उंबऱ्यात घाला, आणि माझे ब्रेक या छताखाली आल्याशिवाय मी इथे पाय ठेवणार नाही. दार ढकलून बाहेर पडले. दार आपोआप उघडणारं असल्यामुळे ढकलायचा हात हवेतच गेला आणि मास्तर पायरीवर अडखळले. त्याचाही राग त्यांनी मॅनेजरवरच काढला.

इकडे ताईचं तिकीट निघालं. रविवारी सकाळचं विमान.

मास्तरीणबाईंनी सरळ उपाय सांगितला. "आले म्हणून सांगा. वन्संना चाक वर करून बघायचंय थोडंच?" मास्तरांनी पेपर तोंडासमोर धरला. तो उलटा होता हे मास्तरीणबाईंना दिसलं, आणि त्यांनी तो विषय पुन्हा काढला नाही.

फोरमनला मास्तरांची दया आली असावी. त्याने स्टोअरवाल्याचा थेट नंबर दिला. सेंटरच्या मागच्या बाजूला सुट्या भागांचं कोठार होतं, आणि तिथे एक गृहस्थ बसायचे. त्यांना सगळे एकशब्दी म्हणायचे. फोरमन म्हणाला, काका, बोलतो कमी, पण बोलतो ते खरं. काउंटरवरच्या मुलीला विचारून उपयोग नाही, ती बाळंतपणाच्या रजेवर गेली, तिच्या जागी अजून कोणी आलं नाही.

सोमवारी सकाळी मास्तरांनी फोन लावला. वाद्यसंगीत नाही, बाई नाही. पलीकडून एकदम आवाज आला.

"स्टोअर."

मास्तरांनी गाडीचा रंग, नंबर, ब्रेकचं पूर्ण नाव, सगळं सांगितलं आणि विचारलं, कधी?

"परवा."

"नक्की ना?"

"नक्की."

फोन बंद. मास्तर खुर्चीतून उठले आणि घरभर एक चक्कर मारली. सोमवार, म्हणजे परवा बुधवार. गुरुवारी बसवायचे, शुक्रवारी चालवून बघायचे, आणि रविवारी ताई. त्यांनी ताईला फोन करून सांगितलं. बायकोला सांगितलं. कोपऱ्यावर जाऊन टायरवाल्याला सांगितलं, त्याला कशाचं काय हे कळलं नाही, पण तो बरं झालं म्हणाला.

पण इतके दिवस पोळलेला माणूस, मंगळवारी राहवेना. म्हटलं, खुंटी हलवून बळकट करून घ्यावी. फोन लावला.

"स्टोअर."

"मास्तर बोलतोय. आमचे ब्रेक कधी म्हणालात?"

"तेरवा."

"अहो, काल तुम्ही परवा म्हणालात."

"काल परवा. आज तेरवा."

आणि फोन बंद. मास्तर तसेच मोबाइल कानाला धरून उभे. काल जे परवा होतं ते आज उद्यावर यायला हवं. जगातली कुठलीही गोष्ट एक दिवस गेला की एक दिवस जवळ येते. हा माणूस ती लांब ढकलत होता, आणि वर हिशोब शिकवत होता. मास्तरांनी बायकोपुढे बोटं धरून दाखवलं, हा सोमवार, हा मंगळवार, आणि हे बघ हा कुठे चाललाय. मास्तरीणबाई म्हणाल्या, "तुमची गाडी पुढे पळते, ब्रेक मागे पळतात. जोडी जमली."

बुधवारी मास्तरांनी ठरवलं होतं की फोन करायचा नाही. दुपारपर्यंत ते घरातले नळ तपासत फिरले. एकही गळत नव्हता, त्याचाही त्यांना राग आला. शेवटी फोन केलाच. आवाज शक्य तितका मऊ ठेवून विचारलं, साहेब, आज काय स्थिती?

"चार दिवस."

चार दिवस म्हणजे रविवार. नेमका रविवार. मास्तरांनी गयावया करून सांगितलं की रविवारी सकाळी माझी बहीण जायचीय हो, कायमची. पलीकडे एक सुस्कारा ऐकू आला. तो सुस्कारा कशाचा होता ते नंतर कळलं, पण तेव्हा मास्तरांना वाटलं, चला, माणसाला पाझर फुटला. गुरुवारी सकाळी त्यांनी मोठ्या आशेने पुन्हा फोन केला.

"पाच दिवस."

मास्तरांनी मोबाइल फेकला. गादीवर फेकला, कारण तो नवा होता. पण फेकला. मग शर्ट घातला, काळी गाडी तशीच जाग्यावर ठेवली आणि बसने ताईकडे गेले. फोनवर सांगण्यासारखी ही गोष्ट नव्हती.

ताईच्या खोल्या जवळजवळ रिकाम्या झाल्या होत्या. भिंतीवर मापाची पट्टी टांगायच्या खिळ्याभोवती तेवढा पांढरा डाग उरला होता. शिवणयंत्र मात्र अजून खिडकीशीच होतं, कारण शेजारच्या मुलाचा कोट द्यायचा राहिला होता आणि दिल्याशिवाय ताई जाणार नव्हती. ती तोंडात टाचण्या धरून कोटाची अस्तरं जुळवत होती. मास्तर एका बांधलेल्या ट्रंकेवर बसले.

"रविवारी टॅक्सी सांग," ते म्हणाले. "ब्रेक येत नाहीत."

ताईने टाचण्या काढून उशीत खोचल्या. "परवा येणार होते ना?"

"परवा म्हणाला, मग तेरवा म्हणाला. मग चार दिवस, आज पाच दिवस. उद्या सहा म्हणेल. मी काय त्याचं घोडं मारलंय? इतकी वर्षं लोकांना थांबायला शिकवलं, आणि आता हे लोक मला थांबवतायत." मास्तर ट्रंकेचं कुलूप उगाच ओढत होते. "मी म्हणालो असतो आले म्हणून. तुला कळलंही नसतं. पण नाही म्हणालो."

ताईने कोट मांडीवर ठेवला. "मला परत सांग. त्याने काय काय म्हटलं, जसंच्या तसं. तुझं काही घालू नकोस."

मास्तरांनी सांगितलं. सोमवारी परवा. मंगळवारी तेरवा. बुधवारी चार दिवस. आज पाच दिवस. ताई बोटांवर मोजत होती. मोजता मोजता तिच्या तोंडाचा कोपरा हलायला लागला. मग ती हसायला लागली, आधी आवाज न करता, मग खांदे हलवत, आणि शेवटी अर्ध्या दातासकट मोकळं. मास्तर चिडून उठायला लागले, तर तिने त्यांचा हात धरून खाली बसवलं.

"बाळ्या," ती म्हणाली, "परवा म्हणजे कुठला परवा?"

"कुठला म्हणजे?"

"झालेला की व्हायचा?"

मास्तरांनी दिवस पुन्हा बोटांवर मोजायला घेतले.

"अरे, माझा अख्खा धंदा या शब्दावर चालला. बाई दारात येऊन विचारायची, माझा फ्रॉक? मी म्हणायची परवा. अर्ध्या बायका तोंड फुगवून निघून जायच्या, आणि फ्रॉक इथे दोन दिवस हँगरला लटकून तयार. पुढे पुढे मी परवाला शेपूट लावल्याशिवाय बोलायचं सोडलं. परवा झाला, नाहीतर परवा होईल. तुझ्या त्या माणसाने शेपूट लावलेलं नाही. आण फोन."

तिने फोन लावला आणि मोठ्याने ऐकू येईल असा कोटावर ठेवला.

"स्टोअर."

"मी दाबामास्तरांची बहीण. त्यांचे ब्रेक आलेत की यायचेत?"

"आलेत."

"कधी?"

"सकाळी सांगितलं. पाच दिवस." मग बहुधा त्या गृहस्थांच्या सहनशक्तीची तार तुटली, कारण ते आयुष्यात बोलले नसतील इतकं सलग बोलले. "बाई, शनिवारी आलेत. तुमचे मास्तर रोज फोन करून तारीख विचारतात आणि न्यायला येत नाहीत. खोका माझ्या खुर्चीच्या वाटेत आहे. दोनदा गुडघा आपटला."

ताईने त्यांचे आभार मानले आणि फोन ठेवला. मास्तरांनी पहिल्यांदा एकशब्दीला शिव्या घातल्या, मग मॅनेजरला, मग रजेवर गेलेल्या त्या बिचाऱ्या मुलीला, आणि मग कोणीच उरलं नाही तेव्हा ज्याने कोणी मागच्या परवाला आणि पुढच्या परवाला एकच शब्द ठेवला त्याला. दोन दिवसांना दोन शब्द करायला काय अंगावर आलं होतं? कालला वेगळा आहे, उद्याला वेगळा आहे, आणि परवाशी येऊन सगळे दमले? मग त्यांना कंपनीचे ते निरोप आठवले, तुमच्या ऑर्डरमध्ये बदल झाला आहे, आणि पालथा घातलेला मोबाइल आठवला. शिव्या तिथेच संपल्या.

"जा आता," ताई म्हणाली. "अजून दोन दिवस आहेत."

शुक्रवारी सकाळी मास्तरांनी काळी गाडी सेंटरच्या दारात उभी केली. आपली शपथ पाळली गेली हे त्यांनी मॅनेजरला मुद्दाम ऐकवलं, कारण ब्रेक छताखाली होतेच. मॅनेजरने पायपुसण्यांचा विषय काढला नाही. फोरमनने गाडी उचलली, चाकं काढली. नव्या डिस्क मोठाल्या, करड्या, जात्याच्या पाळीसारख्या, पण मास्तरांनी एक उचलून पाहिली तर हलकी फुलासारखी. त्यांनी ती नखाने वाजवली. आवाज खरंच बशीसारखा आला. त्यांनी तो ताईला सांगायचा नाही असं ठरवलं.

ब्रेक बसले तरी गाडीचा कॉम्प्युटर मान्य करेना. पडद्यावर लाल अक्षरं, ब्रेक ओळखता येत नाहीत. शनिवारची दुपार त्या पेटीची समजूत काढण्यात गेली. मास्तर शेजारी उभे राहून दर थोड्या वेळाने विचारायचे, झालं? फोरमन शेवटी म्हणाला, "काका, तुम्ही दाबा दाबा म्हटलंत तरी हे दाबून होत नाही." संध्याकाळी एकदाची लाल अक्षरं गेली. मग नवे पॅड डिस्कवर रुळवायचे राहिले होते. रिकाम्या रस्त्यावर गाडी वेगात न्यायची, ब्रेक दाबायचा, सोडायचा, पुन्हा न्यायची, पुन्हा दाबायचा. फोरमन चालवायला बसणार होता. मास्तरांनी त्याला हात धरून बाजूच्या सीटवर बसवलं. त्या संध्याकाळी मास्तरांनी जितक्या आनंदाने दाबलं तितक्या आनंदाने आयुष्यात कधी दाबलं नसेल. फोरमनचा चेहरा पांढरा पडला होता आणि त्याचा उजवा पाय नकळत पायाखालची चटई दाबत होता. मास्तरांनी ते पाहिलं आणि त्यांचं पोट भरलं.

रविवारी सकाळी गाडी ताईच्या दाराशी उभी राहिली. मागे मास्तरीणबाई, दोन पिशव्या मांडीवर घेऊन. ट्रंका डिकीत गेल्या. मास्तरांनी वाटेत सांगायचं सगळं मनात घोकून ठेवलं होतं. डिस्क कशाच्या, भट्टी कशी, तापल्यावर काय होतं, आणि पुलानंतर जो मोठा उतार आहे त्याच्या तळाच्या सिग्नलला काय करून दाखवायचं. ताई दार धरून उभी राहिली. हातात पर्स. आत बघितलं, भावाकडे बघितलं.

"ब्रेक आहे का रे?"

मास्तरांचं घोकलेलं सगळं घशातच राहिलं.

"आहे," ते म्हणाले.

ताई बसली. पट्टा लावला. पर्स मांडीवर घेतली.

आणि गाडी मोठ्या रस्त्याला लागायच्या आत झोपली. शेजाऱ्याचा कोट रात्री पुरा करून दिला होता, त्यानंतर सामान. तिची मान खिडकीकडे कलली आणि तोंड जरासं उघडं पडलं. मास्तरांनी एकदा खाकरून पाहिलं. आरशात मास्तरीणबाईंनी डोळे वटारले आणि ओठांवर बोट ठेवलं. मास्तरांचा जीव नुसता वर-खाली. इतके महिने वाट पाहिली, इतकी माणसं तोडली, आणि जिच्यासाठी केलं ती घोरतेय. पूल गेला. उतार आला. उताराच्या तळाला सिग्नल लाल. मास्तरांनी दात आवळले, डॅशबोर्डवर जणू काठोकाठ पेला भरलेला आहे असा विचार केला, आणि उताराच्या वरूनच पाय हळूहळू उचलत नेला. गाडी सिग्नलला अशी येऊन उभी राहिली की ताईच्या पर्सची साखळीसुद्धा हलली नाही. पुढच्या प्रत्येक सिग्नलला त्यांनी तेच केलं.

विमानतळाच्या दारात गाडी थांबली तरी ताई झोपलेलीच. मास्तरांनी तिला उठवलं नाही. मागून गाड्यांचे हॉर्न वाजायला लागले तेव्हा ती दचकून जागी झाली आणि बाहेर बघायला लागली.

"हे काय, आलो? थांबलास कधी?"

"आत्ताच."

"मला कळलंच नाही," ताई म्हणाली, आणि पट्टा काढायला लागली.

मास्तरांनी समोरच्या काचेकडे बघत मान हलवली. ट्रंका उतरवायला त्यांना नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला. आत जाताना ताई एकदा मागे वळली, अर्ध्या दातासकट हसली आणि म्हणाली, "पोचले की फोन करीन. परवा. पुढचा."

परत येताना ताई बसली होती ती सीट रिकामी होती, आणि मास्तर अधूनमधून तिकडे बघत होते. मग मागून मास्तरीणबाई म्हणाल्या, "एक विचारू? येताना ब्रेक दाबलात का हो, एकदा तरी?"

मास्तरांनी आठवून पाहिलं. पूल, उतार, सिग्नल, विमानतळाचं दार. सगळीकडे पाय नुसता उचलला होता. फोरमन म्हणाला होता तस्सं. त्यांच्या मानेवरून एक वैतागाची लहर खाली गेली.

"नाही," ते म्हणाले.

"मग आता तरी दाबा की. एवढी वाट पाहिलीत."

मास्तरांनी आरशात पाहिलं. मागे रस्ता मोकळा होता, पुढेही मोकळा. त्यांनी अंगठा टेकला, दोघांच्या पाठी सीटला चिकटल्या, आणि मग त्यांनी दाबला. गाडी जागच्या जागी खिळा ठोकल्यासारखी उभी राहिली. मास्तरीणबाईंची पिशवी पुढे येऊन ताईच्या रिकाम्या सीटवर पडली.

"झालं समाधान?" त्या पट्टा सैल करत म्हणाल्या.

"झालं," मास्तर म्हणाले, आणि पिशवी उचलून त्यांना मागे दिली.